खत न सांगणाऱ्या काकूंना

तीर्थस्वरूप काकूंना,
सा. न. वि. वि.

आमची हिरवळ पाहून येणारे-जाणारे हमखास विचारतात, "खत कोणतं घालता?" उत्तरात खत फारसं नसतंच आणि तुमचं नाव सांगायचं राहून जातं. म्हणून हे पत्र चारचौघांसमोर लिहितेय.

गवत ठिकठिकाणी पिवळं पडलं तेव्हा औषध सगळ्यांनाच ठाऊक होतं. कुणी युरिया सुचवला, कुणी बुरशीनाशक. तुम्ही खुरपं घेऊन आलात आणि पिवळ्या भागाच्या कडेचं एक ढेकूळच उचकटून माझ्या हातात दिलंत. मुळं जेमतेम दोन बोटं खोल. त्याखालची चिकण माती घराच्या बांधकामात दाबली गेली होती, ती तशीच घट्ट. "अगं, हवा नाही तिथे मूळ जाईल कशाला?" म्हणालात. मुळं खाणारी हुमणीची अळी आहे का तेही तिथेच उकरून पाहिलंत. नव्हती. म्हणजे औषधाचा प्रश्नच मिटला.

मग पोकळ दात्यांच्या अवजाराने सगळीकडे भोकं पाडायची, तीही आमचं गवत, म्हणजे हरळी, जोमात वाढत असताना आणि जमीन वाफशावर, म्हणजे ना चिकट ओली ना कोरडी, आली की. ओल्या चिकण मातीत ते काम केलं तर ती आणखी दाबली जाते आणि कोरडीत दाते शिरतच नाहीत. भोकांत चाळलेलं कंपोस्ट सारलं. ते काम कंटाळवाणं आहे, हे मी गोड बोलून लपवणार नाही. पण पुढच्या हंगामात तसंच ढेकूळ काढलं तेव्हा मुळं खुरप्याच्या पात्यापेक्षा खोल गेलेली होती.

पाण्याचं तुम्ही वेळापत्रक दिलं नाहीत, खूण दिलीत. गवतावरून चालल्यावर पाऊल उमटून राहिलं, पाती पुन्हा उभी राहिली नाहीत, की पाणी द्यायचं. तेही पहाटे आणि भरपूर. उन्हाळ्यात आठवड्याला साधारण 25 मिलिमीटर, आणि ते मोजायला पाण्याच्या तुषार-फवाऱ्याखाली सरळ काठाचा रिकामा डबा ठेवायचा. आमची माती सावकाश पिते, म्हणून मध्ये थांबून दोन टप्प्यांत.

कापणीचा नियम तर आता घरात सगळ्यांना पाठ आहे: उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त एका वेळी कापायचं नाही. पान गेलं की अन्न तयार करायची जागाच गेली, आणि मग मुळांची वाढ खोळंबते. पात्याला धार नसेल तर गवत कापलं न जाता फाटतं आणि शेंडे पांढुरके-तपकिरी दिसतात; मी तोच रोग समजत होते! कापलेलं गवत तिथेच पडू द्या, हे मात्र सासूबाईंना पटवायला वेळ लागला. वर्षाच्या नत्राचा सुमारे पाव हिस्सा त्यातूनच परत मिळू शकतो, हे ऐकल्यावर त्यांनी केरसुणी ठेवली.

लव्हाळा या तणाची त्रिकोणी दांडी बोटांत फिरवून ओळखायला तुम्हीच शिकवलंत. नुसता उपटला तर गाठी जमिनीत राहतात आणि पुन्हा फुटतात, म्हणून कोवळा असतानाच गाठीसकट खणून काढते. हिरवळीत उगवणाऱ्या पांढऱ्या क्लोव्हर या छोट्या रोपाबद्दल मात्र आपलं अजून जमत नाही. तो हवेतला नत्र मातीत आणतो हे खरं, पण फुलांवर मधमाश्या येतात आणि आमची मुलं अनवाणी हुंदडतात. तुमच्या बागेत राहू दे, माझ्याकडे नको.

सगळ्यात मोठे आभार झाडाखालच्या कोपऱ्यासाठी. तिथे दरवर्षी नव्याने गवत लावायचा आमचा हट्ट तुम्ही मोडलात. हरळीला निदान सहा तास ऊन लागतं, ते तिथे मिळणार नाही, सोडून द्या म्हणालात. आता तिथे पालापाचोळा पसरून नेचे लावलेत. दोन चांगले धरलेत, तिसऱ्याच्या पानांच्या कडा करपतायत. तेवढं एकदा येऊन बघा.

तुमची,
शेजारीण