डेफिब्रिलेटर कपाटात नको, भिंतीवर हवा : उच्च शिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : विद्यापीठ परिसरातील सीपीआर (हृदय बंद पडल्यास छाती दाबून करायचा प्रथमोपचार) प्रशिक्षण व एईडी (हृदयाला विजेचा शॉक देणारं डेफिब्रिलेटर) यंत्रांबाबत.

महोदय,

सप्रेम नमस्कार. राज्यातल्या एका विद्यापीठात मी मुलांच्या वसतिगृहाचा रेक्टर आहे. हे पत्र खरं तर कुलसचिवांमार्फत, योग्य त्या मार्गाने यायला हवं होतं. त्या मार्गाने गेलेली आधीची टिपणं 'वरिष्ठांच्या विचारार्थ' गेली ती तिकडचीच झाली, म्हणून हे उघड लिहितो आहे.

मागणी आधीच सांगून टाकतो. विद्यापीठं सुरक्षारक्षकांसाठी एजन्सीची निविदा काढतात. तिच्या अटी-शर्तींत एक अट शासनाने घालावी : कामावर येणाऱ्या प्रत्येक रक्षकाला सीपीआर आणि एईडी वापरता आला पाहिजे, आणि दरवर्षी त्याची उजळणी झाली पाहिजे. विद्यार्थ्यांचं, प्राध्यापकांचं प्रशिक्षण नंतर होईल. सुरुवात फाटकावरून व्हावी.

कारण उघड आहे. प्राध्यापक संध्याकाळी घरी जातात, विद्यार्थी दोन-तीन वर्षांत पास होऊन निघून जातात. रात्री दोन वाजता वसतिगृहाच्या दारात आणि पहाटे साडेपाचला मैदानाच्या कडेला असतो तो रक्षकच. सध्या त्याला काय शिकवलेलं असतं? वहीत गाडीचा नंबर लिहायचा आणि काही झालं तर साहेबांना फोन करायचा.

हृदय अचानक बंद पडलं की मेंदूला इजा व्हायला चार ते सहा मिनिटं पुरतात. काहीच केलं नाही तर जगण्याची शक्यता दर मिनिटाला सात ते दहा टक्क्यांनी घटत जाते. 108 ची रुग्णवाहिका सेवा राज्यात 2014 पासून आहे आणि तिने असंख्य जीव वाचवले आहेत, त्याबद्दल तक्रार नाही. पण पुण्याचं सावित्रीबाई फुले विद्यापीठ चारशे एकरांहून मोठं, कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ साडेआठशे एकरांचं. गाडी मुख्य फाटकाशी पोचली तरी पुढे नेमकं कुठे जायचं, हे सांगायला माणूस लागतो. ती चार-सहा मिनिटं आतल्यांनीच निभावून न्यायची असतात.

आमच्याकडे काय झालं ते थोडक्यात सांगतो. विद्यापीठाच्या मैदानावर पहाटे पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं धावायला येतात. गेल्या हिवाळ्यात त्यातला एक कोसळला. मी पोचलो तेव्हा भोवती कोंडाळं होतं. फिट आली समजून कुणीतरी मेसमधून कांदा फोडून आणला होता, दुसरा तोंडावर पाणी मारत होता. मुलगा मधूनच मोठ्याने आचके दिल्यासारखा श्वास घेत होता, म्हणून 'श्वास चालू आहे, हात लावू नका' असं सगळे एकमेकांना बजावत होते. हृदय बंद पडल्यावर पहिली काही मिनिटं असे आचके येऊ शकतात. तो श्वास नव्हे. नेमकं तेव्हाच छाती दाबायला सुरुवात करायची असते, आणि हे तिथल्या एकालाही ठाऊक नव्हतं. शेवटी पहिल्या वर्षाच्या एका एनसीसीच्या मुलीने गर्दी सारली, गुडघे टेकले आणि दाबायला सुरुवात केली. तोवर बराच वेळ गेला होता. मुलगा वाचला नाही.

एईडी यंत्र आमच्या आरोग्य केंद्रात होतं. केंद्र दहाला उघडतं. ते वेळेत मिळालं असतं तर मुलगा वाचलाच असता, असं मी म्हणणार नाही. ते कुणालाच सांगता येणार नाही. पण यंत्र कुलपात का होतं, ते सांगता येईल. खरेदी झाल्याबरोबर त्याची जडवस्तू संग्रह नोंदवहीत नोंद झाली, अंगावर क्रमांक रंगवला गेला आणि ते एका कर्मचाऱ्याच्या ताब्यात दिलं गेलं. लाखाच्या घरातली वस्तू चोरीला गेली तर वसुली त्याच्या पगारातून. त्याने कुलूप लावलं, यात त्याचं काय चुकलं? त्याच्या जागी मी असतो तर दोन कुलपं लावली असती.

म्हणून दुसरी मागणी. ही यंत्रं मैदान, वसतिगृह, ग्रंथालय अशा ठिकाणी भिंतीवर, काचेच्या पेटीत, बिनकुलपाची असावीत. उघडताच अलार्म वाजणाऱ्या पेट्या मिळतात. आणि जीव वाचवण्याच्या गडबडीत यंत्र मोडलं किंवा हरवलं तर कुणाच्याही पगारातून वसुली होणार नाही, असं शासन निर्णयात स्पष्ट लिहावं. छातीला चिकटवायच्या पॅडला मुदत असते, साधारण दोनेक वर्षांची, बॅटरीही उतरते. तेव्हा देखभालीचा करार खरेदीबरोबरच व्हावा. आणि यंत्र बोलून सूचना देतं, त्या इंग्रजीतून नकोत. मराठी नाही मिळाली तर निदान हिंदी.

या यंत्राची लोकांना उगाच धास्ती वाटते. हृदयाची लय ते स्वतः तपासतं आणि गरज असेल तरच शॉक देतं. आपण घाम पुसून पॅड चिकटवायचे आणि शॉकच्या वेळी सगळ्यांना लांब करायचं. सीपीआरही सोपा आहे : छातीच्या मधोमध, पाच-सहा सेंटीमीटर खोल, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा. इंडियन रिससिटेशन कौन्सिलने सामान्य माणसासाठी जी पद्धत सांगितली आहे, तिच्यात तोंडाने श्वास द्यावा लागत नाही, नुसतं दाबायचं. दोन मिनिटांत दंड भरून येतात, म्हणून आळीपाळीने करायला माणसं लागतात.

पण 'सोपं आहे' म्हणून प्रशिक्षणाचा सोहळा करू नये. आमच्याकडची कार्यशाळा आपल्याला डोळ्यांसमोर आणता येईल : दीपप्रज्वलन, पाहुण्यांचा परिचय, सव्वा तासाचं पीपीटी, शंभर-दीडशे मुलं आणि एक मॅनिकिन, म्हणजे सरावाचा पुतळा. पहिल्या रांगेतल्या चौघांनी हात लावला, विद्यापीठांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या फाइलीसाठी जिओटॅग फोटो निघाले, प्रमाणपत्रं मात्र सगळ्यांना. प्रत्येकाने स्वतःच्या हातांनी सलग दोन मिनिटं दाबलं नसेल तर प्रमाणपत्र देऊ नये, एवढी एक अट परिपत्रकात घाला. एनएसएस आणि एनसीसीच्या श्रेयांकांत हे बसवता येईल; वेगळा विषय काढून वेगळं पुस्तक छापू नये.

मॅनिकिन बहुतेक वेळा पुरुषाचा असतो, हाही एक प्रश्न आहे. सार्वजनिक ठिकाणी बाई कोसळली तर आसपासचे लोक सीपीआर द्यायला अधिक कचरतात, हे परदेशातल्या अभ्यासांत दिसलं आहे. आपल्याकडे मुलीच्या छातीला हात कसा लावायचा, हा संकोच त्याहून मोठा असणार. पॅड लावताना कपडे बाजूला करावे लागतात, मंगळसूत्र आड आलं तर सरकवावं लागतं. प्रशिक्षकाने हे मोकळेपणाने बोललं नाही तर ऐन वेळी मुलं मुली येईपर्यंत थांबतील.

कायद्याचंही तेच. मोटार वाहन कायद्यातलं 134 अ कलम मदत करणाऱ्याला संरक्षण देतं, पण ते रस्त्यावरच्या वाहन अपघातापुरतं. मैदानावर कोसळलेल्याला मदत करणाऱ्यासाठी भारतीय न्याय संहितेच्या कलम 30 मधली सद्‍भावनेची तरतूद आहे. चांगल्या हेतूने केलेली मदत गुन्हा ठरत नाही, हे रक्षकाला कोण समजावून सांगणार? आमच्या त्या मुलीलाही 'तू हात का लावलास' असं लेखी विचारलं गेलं. ते पत्र मी पाहिलं आहे. विद्यापीठ अशी चौकशी करणार नाही, एवढं एक वाक्य शासन निर्णयात आलं तर पुढची मुलगी कचरणार नाही.

एवढा खर्च करून काय साधेल, असं विचारलं जाईल म्हणून एक उदाहरण देतो. डेन्मार्कने 2005 मध्ये शाळेत आणि पुढच्या वर्षी वाहन परवान्यासाठी हे प्रशिक्षण सक्तीचं केलं, यंत्रं वाढवली. 2001 ते 2010 या काळात तिथे आसपासच्या लोकांनी सीपीआर देण्याचं प्रमाण सुमारे 21 टक्क्यांवरून 45 टक्क्यांवर गेलं, आणि महिन्याभरानंतर जिवंत असलेल्यांचं साडेतीन टक्क्यांवरून जवळपास अकरा टक्क्यांवर. याचं श्रेय एकट्या प्रशिक्षणाला देता येणार नाही, पण हे सगळं एकत्र करता येतं एवढं तरी दिसतं. 2021 मध्ये कोपनहेगनच्या मैदानावर डेन्मार्कचा फुटबॉलपटू ख्रिश्चन एरिक्सन कोसळला, तेव्हा सहकाऱ्यांना, डॉक्टरांना काय करायचं ते माहीत होतं आणि यंत्र हाताशी होतं. तो पुन्हा फुटबॉल खेळला.

आमच्या सुरक्षा एजन्सीचा करार येत्या वर्षी संपतो आहे. नव्या निविदेचा मसुदा खरेदी समितीपुढे जाण्याआधी आपल्या विभागाचं पत्र आलं तर ही अट तिच्यात घालता येईल. नंतर आलं तर पुढच्या करारापर्यंत थांबावं लागेल.

आपला विश्वासू,
एका विद्यापीठाच्या वसतिगृहाचा रेक्टर