काकांच्या स्मरणाच्या उपासनेसाठी गीतं निवडताना

प्रिय मित्रा,

सप्रेम सलाम.

तुझा निरोप येऊन आज आठ दिवस झाले. काकांच्या स्मरणाच्या उपासनेत क्षमेचीच गीतं म्हणावीत ही त्यांची इच्छा होती, आणि "गीतं कुणी लिहिली, कशी लिहिली हे तुला ठाऊक असतं, तूच निवड आणि दोन ओळी लिहूनही पाठव" असं तू म्हणालास. नुसती नावं कळवायची तर त्याच रात्री कळवता आली असती. पण लिहायला बसलं की माझा हात थांबतो. का थांबतो ते पुढे सांगतो. आधी गीतांचं.

सगळ्यांच्या मनात पहिलं येईल ते जॉन न्यूटनचं "अमेझिंग ग्रेस". त्याची गोष्ट व्यासपीठावरून नेहमी एकाच तऱ्हेनं सांगितली जाते: गुलामांचा व्यापार करणारा खलाशी, समुद्रात वादळ, देवाचा धावा, हृदयपालट, आणि मग हे गीत. मीही कितीदा तशीच सांगितली आहे. यंदा मात्र तारखा एकापुढे एक मांडून पाहिल्या आणि जागीच बसलो.

वादळ १७४८च्या मार्चमधलं. जहाज फुटलं होतं, न्यूटन तासन्‌तास पंपावर उभा राहून पाणी उपसत होता, आणि त्याच्या तोंडून सहज निघून गेलं की एवढ्यानंही भागलं नाही तर प्रभूच आपल्यावर दया करो. कित्येक वर्षांत दयेचा शब्द आपल्या तोंडी आला नव्हता, हे बोलल्यावर त्याचं त्यालाच जाणवलं. इथवर गोष्ट आपल्याला माहीत असलेलीच आहे. पण यानंतर तो गुलामांच्या जहाजाचा कप्तान झाला. आधी नव्हे, नंतर! १७५० ते १७५४ या काळात कप्तान म्हणून त्याच्या तीन सफरी झाल्या. वर तो प्रार्थना करायचा, बायबल वाचायचा, आणि खाली तळघरात माणसं साखळ्यांत असायची. बंडाचा संशय आला म्हणून लहान मुलांचे अंगठे त्यानं यंत्रात पिळले, आणि हे त्याच्याच रोजनिशीत आहे. समुद्र त्यानं सोडला तो प्रकृतीनं दगा दिला म्हणून. १७६४ साली त्याला दीक्षा मिळाली आणि ओल्नी नावाच्या गावात तो पाळक झाला. १७७३च्या नववर्षदिनाच्या उपासनेसाठी त्यानं गीत लिहिलं, तेच हे. त्या दिवशीचा शास्त्रपाठ बायबलातल्या "पहिला इतिहास" या पुस्तकाच्या सतराव्या अध्यायातला होता. मी असा कोण की तू मला इथवर आणलंस, असं दावीद देवाला म्हणतो, तो भाग.

गीत पुन्हा वाच. हरवलेला मी, सापडलेला मी, आंधळा होतो तो मी, आता पाहतो तो मी. तळघरातल्या माणसांचा त्यात मागमूसही नाही. मी हे दोष काढायला लिहीत नाही. गीत खरंच आहे, आणि माझ्या वाईटात वाईट दिवसांत त्यानंच मला धरून ठेवलं. पण क्षमा मिळालेल्या माणसाला ज्यांच्यावर आपण अन्याय केला ते दिसायला आणखी पंधरा वर्षं लागली. १७८८ साली त्यानं आफ्रिकेतल्या गुलामांच्या व्यापाराविषयी पुस्तिका छापली. तिच्यात स्वतःला काही वगळलं नाही. हा कबुलीजबाब फार उशिरा येतो आहे, ज्या धंद्याच्या आठवणीनं आज काळीज थरकापतं त्यात एके काळी माझाच हात होता, असं तो लिहितो. पुढे त्या व्यापाराच्या सरकारी चौकशीत त्यानं साक्षही दिली. वादळापासून मोजलं तर चाळीस वर्षं. १८०७च्या मार्चमध्ये ब्रिटिश संसदेनं तो व्यापार बंद करणारा कायदा केला आणि त्याच डिसेंबरात न्यूटन वारला. म्हातारपणी तो म्हणाल्याचं सांगतात: माझी स्मृती बहुतेक गेली, पण दोन गोष्टी आठवतात, मी मोठा पापी आहे आणि ख्रिस्त मोठा तारणारा आहे. पूर्वी यातलं दुसरं वाक्य मला जवळचं वाटायचं. हल्ली पहिलंही वाटतं.

दाविदाच्या एकावन्नाव्या स्तोत्रातही हाच काटा आहे. पापक्षमेची निम्मी गीतं त्या एका स्तोत्रातून फुटली आहेत. तुझ्याविरुद्ध, तुझ्याविरुद्धच मी पाप केलं, असं दावीद देवाला म्हणतो. मग उरिया कुठे गेला? ज्याची बायको घेतली, ज्याला लढाईच्या तोंडी देऊन मारलं, त्याचं नाव स्तोत्राच्या एकाही ओळीत नाही. तू आणि मी शब्बाथशाळेत हे स्तोत्र पाठ केलं तेव्हा हा प्रश्न आपल्याला पडला नाही. आता ते म्हणताना दर वेळी माझा आवाज त्या ओळीवर खाली येतो.

न्यूटनचा शेजारी विल्यम कूपर. त्याच्याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण काकांना तो फार आवडायचा, आणि त्याचं गीत निवडलंच पाहिजे असं मला वाटतं. सहा वर्षांचा असताना आई गेली. मोठेपणी नैराश्यानं इतका घेरला की १७६३ साली त्यानं जीव द्यायचा प्रयत्न केला. सेंट ऑल्बन्सला एका सहृदय डॉक्टरच्या देखरेखीखाली तो सावरला, आणि तिथेच त्याला पापक्षमेची खात्री पटली. पुढे ओल्नीत न्यूटनजवळ राहायला आला. दोघांनी मिळून मंडळीसाठी गीतं लिहिली. १७७९ साली त्यांचं पुस्तक निघालं तेव्हा त्यात साडेतीनशेच्या आसपास गीतं होती, त्यांतली साठाहून अधिक कूपरची. रक्ताच्या झऱ्याचं गीत त्यातलंच. त्या झऱ्यात बुडालेल्या पाप्याचे सगळे डाग धुऊन जातात, असं लिहिणारा हा माणूस.

आणि तोच १७७३च्या सुरुवातीला पुन्हा कोसळला. तुझं सगळं संपलं, तुझा नाश झाला, असे शब्द त्यानं स्वप्नात ऐकले, आणि देवानं आपल्याला कायमचं टाकलं ही समजूत त्याच्या मनातून पुढची सत्तावीस वर्षं हलली नाही. चर्चमध्ये जाणं त्यानं सोडलं. आपली प्रार्थना ऐकायला कुणी नाही, अशी त्याची खात्री होती. इतर सर्वांना क्षमा आहे, मला तेवढी नाही. अशा अवस्थेत तो न्यूटनच्या घरी आला आणि वर्षाहून अधिक काळ तिथेच राहिला. न्यूटननं त्याला जा म्हटलं नाही. मला वाटतं, न्यूटनचं सर्वांत चांगलं गीत म्हणजे ते वर्ष.

पण पुढचं ऐक. १७८८ साली, न्यूटनची पुस्तिका निघाली त्याच वर्षी, कूपरनं गुलामांच्या व्यापाराविरुद्ध कविता लिहिल्या. त्यातल्या एकीत गुलाम झालेला माणूस स्वतः बोलतो. ज्याला स्वतःची क्षमा मानवत नव्हती त्यानं तळघरातल्या माणसाला वाचा दिली. १८०० साली तो वारला. शेवटच्या काळातली त्याची कविता समुद्रात पडलेल्या, जहाजापर्यंत पोहोचू न शकलेल्या खलाशाची आहे. वाचताना गलबलून येतं. अशा माणसाचं गीत आपण आनंदाच्या चालीवर म्हणतो आणि त्याच्याविषयी एक शब्दही बोलत नाही, याचं मला वाईट वाटतं. उपासनेत कुणीतरी दोन वाक्यं बोलावीत. मंडळीत असे लोक बसलेले असतात रे, ज्यांना गीताचा प्रत्येक शब्द खरा वाटतो, फक्त स्वतःपुरता खोटा वाटतो.

शार्लट इलियटचं "जस्ट ॲज आय ॲम" तुम्ही घ्यालच, म्हणून थोडक्यात. ती बराच काळ आजारी असे. तिच्या भावाच्या एका सत्कार्यासाठी सगळं घर राबत होतं आणि ही एकटी निरुपयोगी पडून होती. त्या रुखरुखीत तिनं जशी आहे तशी येते असं लिहिलं. या गीतानं धीर मिळालेल्यांची हजाराहून अधिक पत्रं तिच्या मृत्यूनंतर सापडली. मार्टिन ल्यूथरचं एकशे तिसाव्या स्तोत्रावरचं गीतही सुंदर आहे, १५४६ साली त्याचा देह नेताना हालेच्या लोकांनी तेच म्हटलं होतं. पण त्याची चाल सरावाशिवाय जमणार नाही, आणि तुमच्याकडे दिवस थोडे आहेत.

चार्ल्स वेस्लीचं मात्र एक घे. सहा हजारांहून जास्त गीतं लिहिणारा हा माणूस १७३८च्या जुलैत लंडनच्या न्यूगेट तुरुंगात फाशीच्या कैद्यांकडे रोज जात होता. त्याला स्वतःला पापक्षमेची खात्री पटून दोन महिनेही झाले नव्हते. कैद्यांत एक आफ्रिकी माणूस होता, मालकाच्या घरी चोरी केली म्हणून फाशीची शिक्षा झालेला. फाशीच्या आदल्या रात्री वेस्लीनं स्वतःला त्यांच्याबरोबर कोठडीत कोंडून घेतलं, आणि सकाळी टायबर्नला, फाशीच्या जागी, गाडीत त्यांच्याजवळ उभा राहून त्यांच्यासोबत गायला. फाशीच्या खांबाखालची ती घटका आपल्या आयुष्यातली सर्वांत धन्य होती, असं त्यानं लिहून ठेवलं आहे. मला तो आफ्रिकी माणूस आठवत राहतो. मालकाची चोरी हा त्याचा गुन्हा होता. मालकानं त्याचं काय काय चोरलं त्याचा खटला कुठे चालला?

ना. वा. टिळकांची भजनं तर काकांच्या ओठांवरच असत, ती तू निवडशील. मला सांगायचं आहे ते लक्ष्मीबाईंबद्दल. १८९५च्या फेब्रुवारीत टिळकांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाई त्यांच्यासोबत नव्हत्या. त्यांच्यावर आभाळच कोसळलं. काही वर्षं ताटातूट झाली, १९०० साली त्यांचाही बाप्तिस्मा झाला. १९१९ साली टिळक गेले तेव्हा त्यांचं ख्रिस्तचरित्राचं महाकाव्य थोडंसंच लिहून झालं होतं. उरलेलं बहुतेक सगळं लक्ष्मीबाईंनी लिहिलं. ज्यानं आपल्याला न विचारता आपलं जग उलटंपालटं केलं, त्याचं अपुरं काव्य ओवी ओवी जोडून पुरं करायचं. क्षमा हा शब्द न वापरता केलेली ती क्षमा आहे, असं मी मानतो.

आता शेवटचं, आणि माझ्या मते सर्वांत आधी म्हणावं असं. रोझमंड हर्कलॉट्स ही आपल्याच देशात, मसुरीत, १९०५ साली जन्मलेली इंग्रज बाई. आयुष्यभर शिक्षिका आणि सचिव म्हणून नोकरी केली. १९६६ साली भाच्याच्या बागेत ती तण उपटत होती. मुळं खोल गेलेली, ओढली तरी येत नव्हती. मनातल्या अढीचीही मुळं अशीच चांगल्या झाडांचा गळा आवळतात, असं तिच्या मनात आलं आणि तिनं गीत लिहिलं. ते पहिल्यांदा छापून आलं एका चर्चच्या मासिकात. प्रभूच्या प्रार्थनेतल्या क्षमेच्या ओळीपासूनच ते सुरू होतं. आपल्या मराठी बायबलात ती ओळ किती नेमकी आहे बघ: जसं आम्ही आमच्या ऋण्यांना ऋण सोडलं, तशी तू आमची ऋणं सोड. ऋण म्हटलं की ज्याचं देणं लागतो तो माणूस समोर उभा राहतोच. न्यूटनच्या आणि दाविदाच्या ओळींत मला जो सापडला नाही, तो हर्कलॉट्सच्या गीतात आहे.

आणि म्हणूनच हात थांबत होता. क्वायरच्या पैशांचा हिशेब तुझ्याकडे होता त्या वर्षी तूट निघाली. बैठकीत सगळ्यांच्या नजरा तुझ्याकडे वळल्या. आदल्या संध्याकाळी आपण दोघांनी मिळून ते पैसे मोजले होते आणि ते पुरे होते, हे तिथे फक्त मला माहीत होतं. मी खाली बघत बसलो. बोललो असतो तर संशय माझ्यावरही आला असता, एवढंच कारण. महिन्याभरानं बेरजेतली चूक सापडली, विषय मिटला. तू क्वायर सोडलास. मी घरी गुडघ्यांवर आलो, रडलो, देवाकडे क्षमा मागितली, आणि पुढच्या रविवारी हलक्या मनानं गायलो. तुझ्याकडे मात्र आलो नाही. चार वर्षं झाली.

काकांना ते कळलं होतं असं मला वाटतं. बैठकीनंतरच्या रविवारी ते माझ्या शेजारी येऊन बसले, पुस्तकातलं गीत काढलं आणि उघडं पान माझ्या पुढ्यात सरकवलं. पुढेही ते दर रविवारी तसंच करत. एक शब्द बोलले नाहीत. त्यांना मी काहीच सांगू शकलो नाही, आता सांगताही येणार नाही.

तुला सांगतो आहे. मी त्या दिवशी गप्प राहून तुझा घात केला. मला क्षमा कर. लगेच कर असं म्हणत नाही, उत्तर दिलं नाहीस तरी चालेल.

गीतांचा क्रम असा ठेव: आधी हर्कलॉट्स, मग कूपर, मग वेस्ली, टिळकांचं भजन, आणि निरोपाला न्यूटन. हर्कलॉट्सच्या गीताचा मराठीत गाता येईल असा अनुवाद मी करून सोबत पाठवतो आहे, तिसरं कडवं अजून नीट बसत नाही, तुझा कान चांगला आहे, तूच बघ. काकांचा खर्जातला सूर म्हणायला तुमच्याकडे कुणी नसेल. तुझी हरकत नसेल तर मी येतो आणि मागच्या रांगेत उभा राहून म्हणतो. हरकत असेल तर स्वर लिहून पाठवतो, कुणाकडूनही बसवून घे.

तुझा,
शब्बाथशाळेपासूनचा सोबती