बाबा, ऑपरेशनची तारीख घेतलीये

आई, बाबा,

फोनवर बोलले असते तर बाबांनी "बघू पुढच्या महिन्यात" म्हणून विषय बदलला असता, म्हणून लिहितेय. मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख घेतलीये, १८ तारीख, उजवा डोळा आधी. तुम्हाला न विचारता घेतली, चुकलंच माझं, पण कॅन्सल करणार नाहीये.

परवा व्हिडिओ कॉल संपल्यावर ईशान म्हणाला, आई, आजोबा पुस्तकातलं वाचत नाहीत, पान उलटतात आणि मनाचंच सांगतात, माझ्या पुस्तकात पिल्लू अजून नदीपाशी पोचलंच नाहीये. बाबा, अक्षरं दिसत नाहीयेत ना तुम्हाला? एवढ्याशा पोराला कळलं आणि मला नाही कळलं, रात्रभर झोप लागली नाही.

रागावू नका, तुमचं मनाचं सांगणंही आवडतं त्याला. पण अमेय बंगळुरूला गेला, ईशानची शाळा बदलली, तेव्हापासून ईशान किती गप्प झाला होता ते तुम्ही बघितलंय. काय झालं विचारलं की "काही नाही". तुम्ही ती कळप चुकलेल्या हत्तीच्या पिल्लाची गोष्ट सुरू केलीत आणि दर पानाला थांबून विचारायचात, आता त्याला कसं वाटत असेल रे? आधी नुसतं पिल्लाबद्दल बोलायचा, मग एक दिवस म्हणाला, मला पण डबा खायच्या सुट्टीत पोटात तसंच होतं. पिल्लाच्या आडून बोलता आलं त्याला! आणि गेल्या आठवड्यात वर्गात नवीन आलेल्या मुलीशेजारी आपणहून जाऊन बसला, म्हणे ती पण चुकलीये ना. त्याच्या डॉक्टर म्हणाल्या हेच चालू ठेवा, अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना २०१४ पासून सांगतेय की अगदी तान्ह्या बाळालाही मोठ्याने वाचून दाखवा.

तुम्हाला कुठे कोणी सांगितलं होतं, बाबा? स्कूटरवर पुढे उभी करून सार्वजनिक वाचनालयात न्यायचात, "१८४० सालचं आहे हे" दर वेळी तेच. 'श्यामची आई' नाशिकच्याच तुरुंगात लिहिलं, १९३३ साली, हेही तुमच्याकडूनच कळलं. ते वाचताना तुमचा आवाज भरून यायचा, चष्मा पुसायचात, आणि मी तुमच्या मांडीवर एकदम गप्प. बाबांनाही रडू येतं, आणि आलं तरी चालतं, हे मला तिथे कळलं. ईशानलाही ते तुमच्याच आवाजात कळायला हवंय.

ऑपरेशन पंधरा-वीस मिनिटांचं असतं, त्याच दिवशी घरी. मी १६ लाच येतेय ईशानला घेऊन, चांगली बारा दिवस राहीन. आई, तुझ्या पूजेच्या आणि दुपारच्या झोपेच्या वेळेला धक्का लागणार नाही, ड्रॉप्स मी घालेन, तू फक्त मऊ खिचडी कर. बाबा, शुगर आत्ताच तपासून घ्या, चहात लपून साखर नको. नंतर डोक्यावरून अंघोळ नाही, डोळा चोळायचा नाही, वाकून बादली उचलायची नाही, गोदाकाठचं फिरणं डॉक्टर सांगतील तेव्हाच.

तोपर्यंत वाचायचा अट्टाहास करू नका, डोळे दुखतील. ईशानला सरळ सांगा, आजोबांना नीट दिसत नाहीये. तो अक्षरं लावून लावून वाचेल, तुम्ही विचारा त्याला, पिल्लू आता कुठवर आलंय.

तुमची,
छकुली