आमचा क्लेम आम्हालाच लढायला शिकवणाऱ्या काकांना

तीर्थस्वरूप काका,
शिरसाष्टांग नमस्कार.

विमा कंपनीकडून गाडीचे ४,७९,००० रुपये सोमवारी खात्यात जमा झाले. फोनवर तुम्हाला सांगितलं, पण तुम्ही आभार मानूच दिले नाहीत. "तुमचे होते, तुम्हाला मिळाले," एवढं म्हणून ह्यांच्या पायाची चौकशी सुरू केलीत. म्हणून हे पत्र. जाहीर लिहिते आहे, कारण अपघातानंतर कंपनीच्या एका पत्रापुढे हात टेकणारी घरं खूप आहेत आणि तुम्ही आम्हाला शिकवलंत ते त्यांच्यापर्यंतही जायला हवं. नाव लिहायचं नाही ही तुमची अट पाळली आहे.

वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. साताऱ्याहून पुण्याला जाताना खंबाटकीच्या बोगद्यानंतर एस आकाराचं वळण लागलं. तिथे मागून आलेल्या ट्रकने आमची गाडी कठड्यावर दाबली. ह्यांच्या मांडीचं हाड मोडलं, मी आणि मुलगी खरचटण्यावर निभावलो. त्यानंतर ऑपरेशन, रक्ताच्या बाटल्या, आयसीयूबाहेरचं बाकडं. ह्यांना वॉर्डात हलवल्यावर मी कंपनीला कळवलं. काही दिवसांनी दावा नाकारल्याचं पत्र आलं: अपघाताची सूचना ताबडतोब दिली नाही, सबब पॉलिसीच्या अटीचा भंग.

ते पत्र हातात असतानाच एक गृहस्थ घरी येऊन गेले. "सगळं मी बघतो, मिळतील त्यातले तीस टक्के माझे." दवाखान्याची बिलं भरून आम्ही इतके थकलो होतो की सत्तर टक्केही खूप वाटत होते. शेजारच्या वहिनींनी हात धरून तुमच्याकडे आणलं नसतं, तर मी कोऱ्या कागदांवर सह्या करून मोकळी झाले असते.

काका, तुम्ही आयुष्यभर सर्व्हेअर म्हणून कंपन्यांसाठीच ठोकलेल्या गाड्या तपासल्यात. तरी पहिल्या दिवशी तुम्ही कंपनीला एकही वाईट शब्द बोलला नाहीत. पॉलिसीची पुस्तिका काढायला लावलीत आणि अटी मोठ्याने वाचायला सांगितल्यात. मग वहीच्या पानावर मधोमध रेघ मारलीत. डावीकडे "गाडी", उजवीकडे "माणूस". गाडीचं नुकसान आपल्याच कंपनीकडून मागायचं, त्याची तक्रार विमा लोकपालाकडे, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या अधिकाऱ्याकडे जाते. माणसाच्या इजेची भरपाई ट्रकच्या विमा कंपनीकडून, आणि ती मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात. या दोन वाटा वेगळ्या आहेत हे आम्हाला तोवर कोणीच सांगितलं नव्हतं. दवाखान्यात सांगितलं नव्हतं, गॅरेजमध्येही नाही.

उजव्या बाजूला तुम्ही सहा महिने असं लिहून त्याला लाल गोल केलात. १ एप्रिल २०२२ पासून न्यायाधिकरणात अर्ज करायला अपघातापासून सहा महिन्यांची मुदत आहे, आणि गाडीच्या भांडणात माणसं ती विसरतात, म्हणालात. अर्ज आपण राहतो त्या जिल्ह्यातही करता येतो, हेही तेव्हाच कळलं. मी उत्साहाने म्हटलं, तोही आपणच लढू. तुम्ही मान हलवलीत. "नाही. अपंगत्वाची टक्केवारी, डॉक्टरांची साक्ष, उलटतपासणी, तिथे चांगला वकील कर. गाडीचं मात्र तू स्वतः कर." वकिलाशिवाय काय होतं आणि काय होत नाही, हे इतक्या स्वच्छपणे सांगणारा माणूस मिळणं, काका, हेच आमचं भाग्य.

मग सुरू झाली पत्रं. माझा पहिला मसुदा दोन पानी होता, त्यात "अन्यायकारक", "अमानुष", "आम्हा गरिबांवर" असं बरंच होतं. तुम्ही पेन्सिलीने एकेक शब्द खोडलात. "इथे अन्याय नको, इथे तारीख लिही." अपघाताची तारीख, दाखल केल्याची, ऑपरेशनची, वॉर्डात हलवल्याची, आणि प्रत्येक तारखेला जोडलेला कागद. डिस्चार्ज कार्ड, एफआयआरची प्रत, घटनास्थळाचा पंचनामा. खाली दोन आधार. विमा नियामकाचं २० सप्टेंबर २०११ चं परिपत्रक, ज्यात उशिराच्या कारणावरून खरे दावे यांत्रिकपणे नाकारू नयेत असं कंपन्यांना बजावलं आहे. आणि सर्वोच्च न्यायालयाचा २०१७ चा ओम प्रकाश खटल्यातला निकाल. तो चोरीला गेलेल्या ट्रकचा होता, पण उशिराला पटण्यासारखं कारण असेल तर दावा नाकारता येत नाही, हे त्यात स्पष्ट आहे. शेवटी मागणी एकच : दावा पुन्हा उघडा.

पत्र कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेलने आणि स्पीड पोस्टनेही गेलं. "पोच जपून ठेव," हे तुम्ही इतक्या वेळा बजावलंत की मुलगी आता शाळेच्या फीची पावतीसुद्धा फायलीला लावते. कंपनीच्या कोणाशी फोनवर बोलणं झालं की त्याच संध्याकाळी "आज आपलं असं बोलणं झालं" असा ईमेल पाठवायचा, ही सवयही तुमचीच. पुढे लोकपालांसमोर ते ईमेल किती कामाला आले!

दावा उघडला. सर्व्हेअर आला, गाडी बाहेरून पाहून गेला आणि २,३१,००० रुपयांवर मामला मिटवायचं पत्र आलं. सोबत डिस्चार्ज व्हाऊचर : ही रक्कम पूर्ण व अंतिम म्हणून मान्य आहे, सही करा. गॅरेजवाला जागेचं भाडं रोज चढवत होता. घरात सगळे म्हणाले, घेऊन टाका. मी पेन घेऊनच तुमच्याकडे आले होते. तुम्ही पेन बाजूला ठेवलंत आणि विचारलंत, "गाडी उघडली का?"

त्या एका प्रश्नाने आमचे अडीच लाख वाचले. बंपर आणि दरवाजे म्हणजे नुकसान नव्हे. खालचा सांगाडा वाकला आहे का, हे गाडी खोलल्यावरच कळतं, आणि तेव्हा पुरवणी एस्टिमेट देऊन पुन्हा पाहणी मागता येते. भर उन्हात तुम्ही स्वतः गॅरेजमध्ये आलात. पँटची पर्वा न करता गाडीखाली वाकलात, कुठून कसा फोटो काढायचा ते दाखवलंत. गॅरेजचं नवं एस्टिमेट झालं ३,९४,००० रुपये.

मग तुम्ही हिशेब मांडलात. आमच्या पॉलिसीत गाडीची विमा किंमत, म्हणजे आयडीव्ही, ४,८०,०००. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेला तर गाडी टोटल लॉस, म्हणजे पूर्ण निकामी धरून आयडीव्हीच द्यायची, असं पॉलिसीतच छापलेलं आहे. ७५ टक्के म्हणजे ३,६०,०००, आणि आमचं एस्टिमेट त्याच्या वर. झिरो डेप, म्हणजे सुट्या भागांचा घसारा न कापण्याची जादा सोय, असल्याने घसाऱ्याची कात्रीही लागत नव्हती. (झिरो डेप नसेल तर प्लास्टिक आणि रबराच्या भागांचे निम्मेच पैसे मिळतात. हेही तेव्हाच कळलं, आणि आता नातेवाइकांत कोणी गाडी घेतली की मी आधी तेच विचारते.) सर्व्हेच्या अहवालाची प्रत मागायलाही तुम्हीच लावलंत. विमेदाराने मागितली तर ती द्यावी लागते. अहवालात सांगाड्याचा उल्लेखच नव्हता.

कंपनीने दुसऱ्या पाहणीला नकार दिला, तेव्हा आम्ही लोकपालाकडे गेलो. इथे मला वाचणाऱ्यांना थांबवून सांगायचं आहे. फी नाही. वकील चालत नाही, ना आपला ना कंपनीचा. आधी कंपनीकडे लेखी तक्रार करायची, नकार आला किंवा महिनाभरात उत्तर आलं नाही की मग इथे, आणि नकारानंतर वर्षाच्या आत. ५० लाखांपर्यंतचे दावे चालतात. तोच वाद ग्राहक आयोगात किंवा कोर्टात चालू नसावा. म्हणूनच माझा भाऊ "दोन्हीकडे टाकून दे" म्हणत होता तेव्हा तुम्ही अडवलंत. लोकपालांचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. आपल्याला पटला नाही तर ग्राहक आयोगाचं दार उघडंच राहतं. मुंबई, नवी मुंबई, ठाण्याचा पट्टा सोडला तर उरलेल्या महाराष्ट्राचं हे कार्यालय पुण्यात, नारायण पेठेत आहे.

सुनावणीच्या आदल्या रात्री तुम्ही कंपनीचे अधिकारी झालात आणि मला प्रश्न विचारून हैराण केलंत. "मॅडम, तुम्हाला गाडीतलं काय कळतं?" असंही विचारलंत. मी रडकुंडीला आले तेव्हा आवाज खाली आणून म्हणालात, "अगं, तुला गाडीतलं कळायची गरज नाही. तुला कागद कुठे आहे ते कळलं पाहिजे." दुसऱ्या दिवशी नारायण पेठेत तो प्रश्न कोणी विचारलाच नाही. विचारलं ते कंपनीला : पुरवणी एस्टिमेट आल्यावर पुन्हा पाहणी का केली नाही? त्यांच्याकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडे फोटो होते, ईमेल होता, पोच होती. टोटल लॉस धरून, एक हजाराची सक्तीची वजावट करून बाकी रक्कम द्यावी, असा निवाडा झाला. गाडीचा सांगाडा कंपनीने नेला.

तुम्ही आत आला नव्हतात. "मी आलो तर तू माझ्याकडे बघत बसशील," म्हणून खाली चहाच्या टपरीवर थांबलात. काका, मी शाळेत रोज चाळीस मुलांपुढे उभी राहते, पण त्या खोलीत स्वतःच्या हक्काचं स्वतः बोलले, ते बळ तुम्ही दिलंत. एक पैसा घेतला नाहीत. झेरॉक्सचे सुद्धा नाहीत. ह्यांनी पाकीट पुढे केलं तर रागावलात.

ह्यांचा दावा साताऱ्याच्या न्यायाधिकरणात मुदतीत दाखल झाला आहे, तुम्ही सुचवलात तसा वकीलही केला आहे. पुढच्या महिन्यात डॉक्टरांची साक्ष आहे. ह्यांची काठी सुटली. परवा चार भिंतीच्या टेकडीपर्यंत चढून आले. गेल्या आठवड्यात शाळेतल्या एका शिपायाच्या मुलाला असंच नकाराचं पत्र आलं. त्याची कागदपत्रं मी तारखेवार लावून दिली आहेत, पण सर्व्हेच्या अहवालातलं एक कलम मला उलगडत नाही. रविवारी सकाळी त्याला घेऊन आले तर चालेल का? काकूंसाठी कंदी पेढे आणते. ते तरी नाकारू नका.

आपली नम्र,
शाहूपुरीतली तुमची शेजारीण