कॉफीच्या कपाची किंमत ठरवताना: मित्रास पत्र

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार, वि. वि.

दुकानाचा आराखडा आणि पेयांचे दरपत्रक काल मिळाले आणि रात्री दोन्ही दोनदा वाचून काढले. कॉफीची निवड, यंत्राची निवड, बसण्याची मांडणी या सगळ्यांत तुझा इतक्या वर्षांचा अभ्यास दिसतो आणि त्यात सुचवण्यासारखे माझ्याजवळ फारसे नाही. दरपत्रकाविषयी मात्र मला मनापासून बोलायचे आहे, कारण आसपासच्या तीन दुकानांचे दर पाहून त्यांच्या मधला आकडा तू उचललेला आहेस. दुसऱ्याच्या दरात त्याचे भाडे, त्याचे कर्ज, त्याच्या भांडवलाचा कस आणि कित्येकदा त्याचा तोटाही दडलेला असतो. त्यांतले आपल्याला काहीच दिसत नाही, दिसतो तो केवळ फलकावरचा आकडा. गिऱ्हाइकाला कोणत्या आकड्याची सवय आहे हे कळण्यासाठी शेजाऱ्यांचे दर जरूर पाहावेत, पण आपला दर आपल्याच हिशेबातून निघाला पाहिजे.

आपण विकणार आहोत ती स्पेशालिटी कॉफी. 1974 साली अमेरिकेतील कॉफी-व्यापारी एर्ना नुटसेन यांनी एका व्यापारी नियतकालिकात हा शब्द वापरला, तेव्हा त्यांना विशिष्ट भूभागाच्या आणि हवामानाच्या गुणांमुळे वेगळी चव धारण करणारी कॉफी अभिप्रेत होती. पुढे 100 पैकी 80 किंवा अधिक गुण मिळवणारी कॉफी अशी तिची व्यवहारातली व्याख्या रूढ झाली. हे तुला मी सांगायला नको. पण दराच्या संदर्भात त्याचा अर्थ असा, की आपण जे गुण चवीत मागतो त्यांच्यासाठी कोणीतरी पिकलेली फळे हाताने निवडून तोडलेली असतात, ती वेळेवर धुतलेली आणि सावकाश वाळवलेली असतात, आणि त्या श्रमाचे पैसे साखळीत कोठेतरी चुकते व्हावेच लागतात. ते कपाच्या किमतीत आले नाहीत, तर शेतकऱ्याच्या किंवा कॉफी बनवून देणाऱ्या बरिस्ताच्या पदरातून जातात.

आता हिशेबाकडे येतो. एका दुहेरी एस्प्रेसोसाठी, म्हणजे यंत्राच्या दाबाने काढलेल्या घट्ट कॉफीसाठी, तू 18 ग्रॅम पूड घेणार आणि 25 ते 30 सेकंदांत साधारण 36 ग्रॅम पेय काढणार, असे धरू. कागदावर एका किलोचे 55 डोस होतात. प्रत्यक्षात रोज सकाळी ग्राइंडरवर दळणाची बारीकी बसवताना एस्प्रेसोचे काही शॉट (एका वेळी काढलेले घोट) ओतून द्यावे लागतात, हवा दमट झाली की दळण पुन्हा बदलावे लागते, एखादा कप परत येतो, शिवाय नव्या मुलांच्या हातून शिकताना पूड वाया जाते. म्हणून किलोमागे 50 कपच धर. तू पुढे स्वतः भाजण्याचा विचार करतो आहेस, त्यासाठी आणखी एक गोष्ट आतापासून लक्षात ठेव: भाजताना हिरव्या कॉफीचे वजन साधारण 15 ते 18 टक्क्यांनी घटते, त्यामुळे हिरव्या कॉफीचा दर हाच आपला खर्च समजणे हा मोठा घोटाळा ठरतो. फिल्टर कॉफीच्या, म्हणजे पुडीवर गरम पाणी ओतून गाळलेल्या बिनदुधाच्या कॉफीच्या, बाबतीत लीटरभर पाण्याला 60 ग्रॅम पूड घेतलीस, तर ती पूड स्वतःच्या वजनाच्या सुमारे दुप्पट पाणी धरून ठेवते आणि भांड्यात 880 मिलिलीटरच्या आसपास कॉफी उतरते, म्हणजे चार मध्यम कप. ती तासाभरात खपली नाही तर चव उतरते आणि ओतून द्यावी लागते. ती ओतलेली कॉफीसुद्धा विकलेल्या कपांच्याच किमतीत बसवायची असते.

दूध, साखर, कागदी पेला, झाकण, रुमाल, कार्डाने पैसे घेण्याचे शुल्क हे सारे असेच कपागणिक वाढणारे खर्च आहेत. त्यांच्याबद्दल फार लिहीत नाही. एकदा वजनकाटा घेऊन बस आणि दूध तापवण्याच्या भांड्यात उरून फेकले जाणारे दूधही मोजून घे.

खरा प्रश्न यापुढे आहे, आणि तो तुझ्या आराखड्यात कोठेच आलेला नाही. गिऱ्हाइकाने दिलेल्या रकमेतून आधी कर बाजूला काढ. उरलेल्या सरासरी किमतीचे 100 भाग मान. त्यांतले 35 भाग कपागणिक लागणाऱ्या खर्चात गेले, तर कपामागे 65 भाग सुटतात. भाडे, पगार, कर्जाचा हप्ता, वीज, विमा, देखभाल आणि तुझे स्वतःचे वेतन हे सारे या सुटणाऱ्या रकमेतूनच भागवायचे असते. महिन्याचा हा स्थिर खर्च 1,30,000 भाग असेल, तर 2,000 कप विकल्यावर दुकान बरोबरीत येते. महिन्यात 25 दिवस दुकान उघडे राहिले, तर रोजचे 80 कप. आता गर्दी खेचण्यासाठी तू दर 10 टक्क्यांनी उतरवलास असे समज. कॉफी, दूध आणि पेला यांचा खर्च तसाच राहतो, म्हणून कपामागे सुटणारी रक्कम 65 वरून 55 वर येते आणि त्याच बरोबरीसाठी रोज 95 कप विकावे लागतात. उलट दर 10 टक्क्यांनी वाढवलास, तर कपामागे 75 भाग सुटतात आणि रोजच्या 70 कपांत काम भागते. दहा टक्के स्वस्ताईची भरपाई करायला जवळजवळ 18 टक्के अधिक विक्री लागते, आणि दहा टक्के महागाईने 13 टक्के गिऱ्हाईक तुटले तरी आपण होतो तेथेच राहतो. तू शेजाऱ्याहून थोडे स्वस्त ठेवण्याचा जो बेत लिहिला आहेस, त्याची किंमत या आकड्यांत मोजून पाहा. ते वाढीव कप येतील की नाही हे ठाऊक नाही, पण प्रत्येक कपातली घट मात्र पहिल्या दिवसापासून निश्चित आहे.

शिवाय हे वाढीव कप येणार केव्हा? ते दिवसभरात सारखे वाटून येत नाहीत, सकाळच्या त्या दीड-दोन तासांत येतात, जेव्हा यंत्र, हात आणि जागा तिन्ही आधीच भरलेली असतात. दुधाच्या एका पेयाला दळण, दाबणे, शॉट, दूध तापवणे आणि ओतणे मिळून हातांचे एक ते दीड मिनिट जाते. एकेक कप हाताने ओतून करायची फिल्टर कॉफी तीन-चार मिनिटे घेते. गर्दीच्या वेळी असा एक कप दोन-तीन लाटेंची (‘लाटे’ म्हणजे भरपूर दुधाची कॉफी) जागा अडवतो, आणि तुझ्या दरपत्रकात तर तो लाटेपेक्षा स्वस्त आहे, कारण त्यात दूध नाही! घटक मोजून दर लावण्याचा हा दोष आहे. आपण दुधापेक्षा कितीतरी अधिक वेळ विकत असतो. माझे मत असे, की हाताने ओतलेल्या कॉफीचा दर तिला लागणाऱ्या मिनिटांप्रमाणे वर न्यावा, आणि सकाळच्या गर्दीत त्याच बियांची, मोठ्या यंत्रावर एकदम काढलेली फिल्टर कॉफी माफक दरात द्यावी. चांगल्या यंत्रावर नीट काढलेली अशी कॉफी हाताच्या कॉफीला बहुधा हार जात नाही, आणि साध्या फिल्टर कॉफीवर प्रेम करणाऱ्या माणसाला ताटकळत ठेवण्याचे कारण उरत नाही.

दुर्मिळ बियांबद्दल तू विचारले आहेस. 2004 साली पनामातील लिलावात तेथल्याच हासिएंदा ला एस्मेराल्दा या मळ्याच्या गेशा नावाच्या वाणाच्या कॉफीला पौंडाला 21 डॉलर मिळाले, तेव्हा तो विक्रम होता. त्यानंतर अशा कॉफीचे दर कोठल्या कोठे गेले आहेत. तू तिच्या खरेदीच्या दराला ठरावीक पटीने गुणून कपाची किंमत काढली आहेस. मी असे करणार नाही. नेहमीच्या फिल्टर कॉफीचा कप 100 भागांना विकला जात असेल आणि त्यात बियांचा खर्च 12 भाग असेल, तर तिप्पट महाग बियांचा खर्च 36 भाग होतो. गुणाकाराने हा कप 300 भागांना जाईल; पण त्याला जागा तेवढीच लागते, हात तेवढेच लागतात, पाणी आणि वीज तेवढीच लागते. आपला खर्च वाढतो तो फक्त 24 भागांनी. ही पिशवी सावकाश खपते आणि शेवटची पूड कधी शिळी होऊन टाकावी लागते, म्हणून आणखी थोडे धरून तो कप 130 भागांना दिला, तर दुकानाला कपामागे नेहमीइतकेच पैसे सुटतात आणि ज्याने अशी कॉफी कधी चाखली नाही तो ती मागण्याचे धाडस करतो. आपण दुकान काढतो आहोत ते लोकांना ही चव मिळावी म्हणून. ती काचेच्या कपाटात शोभेला राहावी म्हणून नव्हे. एवढा एक बदल तू माझ्या आग्रहाखातर नक्की कर.

दुधाच्या पेयांत आकार कमी ठेव. कॅपुचिनो आणि लाटे यांत कॉफीचा डोस एकच असतो, फरक दुधाचा आणि तेवढ्यापुरताच दराचा. तीन-तीन आकार ठेवले की पेले वाढतात, चुका वाढतात आणि मोठ्या पेल्यात कॉफीची चव दुधात बुडते. ओट किंवा बदामाच्या दुधासाठी वेगळे पैसे घ्यावेत का, यावर या व्यवसायात बराच वाद आहे. स्टारबक्सने नोव्हेंबर 2024 पासून अमेरिका आणि कॅनडातील स्वतः चालवलेल्या दुकानांत ही जादा आकारणी बंद केली. मोठ्या कंपनीला जे परवडते ते आपल्याला परवडेलच असे नाही. पण असे दूध मागणाऱ्यांचे प्रमाण पहिले काही महिने नोंदवून, तो खर्च सरासरीने सर्व दुधाच्या पेयांत मिसळावा, असे मला वाटते. पचनाच्या किंवा तत्त्वाच्या कारणाने एखादा माणूस गाईचे दूध टाळत असेल, तर गल्ल्यावर त्याच्याकडून वेगळे पैसे मागणे मला बरे वाटत नाही.

पाण्याविषयी तुझ्या आराखड्यात एकच ओळ आहे, ती वाढव. फिल्टर कॉफीच्या कपात 98 टक्क्यांहून अधिक पाणीच असते, आणि जड पाण्याने बॉयलरमध्ये क्षार साचले तर दुरुस्तीचे बिल वर्षाचा नफा खाते. पाण्याचा फिल्टर, ग्राइंडरची पाती, यंत्राच्या सांध्यातली रबरी गॅस्केट यांसाठी दरमहा ठरावीक रक्कम बाजूला काढत जा, मग त्या महिन्यात काही बिघडो वा न बिघडो.

भाड्याचा करार या सर्वांच्या आधी येतो. विक्रीच्या 10 ते 15 टक्क्यांत भाडे, 30 ते 35 टक्क्यांत पगार आणि साधारण तेवढ्यातच कच्चा माल बसावा, असा या धंद्यातला ठोकताळा आहे. जागा पाहताना या क्रमाने उलटा हिशेब कर: भाडे भागायला रोज किती कप लागतात, आणि सकाळच्या गर्दीत त्या जागेपुढून तेवढी माणसे खरोखर जातात का. जागा आवडली म्हणून दर वाढवून भाडे भागवता येईल, असे मनाशी धरू नकोस. सजावटीवरचा खर्च कमी करून, पहिल्या सहा महिन्यांचा सगळा स्थिर खर्च भागेल एवढी रोकड हाताशी ठेव. गिऱ्हाइकाला सवय लागायला वेळ लागतो, आणि त्या काळात घाबरून दर उतरवण्याची पाळी तुझ्यावर येऊ नये, हा त्यामागचा माझा मुख्य हेतू आहे.

दर एकदा लावला की वर्षानुवर्षे तसाच ठेवण्याची प्रथा मोडायला हवी. न्यू यॉर्कच्या बाजारातला अरेबिकाचा भाव 2001 मध्ये पौंडाला 50 सेंटच्याही खाली गेला होता आणि लाखो शेतकरी त्यात होरपळले. तोच भाव फेब्रुवारी 2025 मध्ये 4 डॉलरच्या वर गेला. ब्राझीलमध्ये जुलै 2021 मध्ये कडाक्याच्या थंडीत दहिवर गोठून बागा जळाल्या, 2024 मध्ये तेथेच दुष्काळ पडला, आणि त्याचे परिणाम जगभरच्या कपांपर्यंत आले. स्पेशालिटी कॉफीचे सौदे पुष्कळदा या भावापासून वेगळे ठरतात, तरी त्याची ओढ त्यांनाही लागतेच. म्हणून दर सहा महिन्यांनी हिशेब नव्याने मांडायचा आणि लागेल तेवढाच फरक करायचा, असे आधीच ठरवून टाक. लहान वाढ कारणासह सांगितली तर नेहमीचे लोक ती समजून घेतात. तीन वर्षे थांबून एकदम केलेली मोठी वाढ त्यांना दुखावते. डोस गुपचूप 18 चा 16 ग्रॅम करण्याचा मार्ग मात्र कधीही धरू नकोस.

बरिस्तांच्या पगाराचा आकडा तू सर्वांत शेवटी, उरलेल्या पैशांतून काढला आहेस. तो आधी लिही, त्यांना त्या पैशांत नीट राहता येईल असा लिही, आणि दर त्यावरून निघू दे. कुशल हात वर्षभरात सोडून गेले की नव्या माणसाला शिकवण्यात जाणारी कॉफी, दूध आणि तुझा वेळ यांचा खर्च पगारवाढीहून मोठा होतो, हे तर आहेच. पण ज्यांच्या जोरावर दुकान चालायचे त्यांच्या ताटातून काढून कप स्वस्त ठेवणे मला मुळातच मान्य नाही.

आता तू तीन गोष्टी मला कळव: भाड्याच्या कराराचा मसुदा, दरमहाचा स्थिर खर्च तुझ्या वेतनासकट, आणि प्रत्येक पेयाचे वजन करून काढलेला खर्च. करारावर सही करण्यापूर्वी त्या आल्या, तर मी प्रत्येक पेयाचा दर नव्याने मांडून, कारणांसह, आठवड्याभरात परत पाठवतो. मग त्यावर आपण दोघे सविस्तर बोलू.

घरच्या सर्वांना माझा नमस्कार सांग.

तुझाच,
जुना मित्र