बाबा, शेक मधेच सोडायचा नाही

ती. आई-बाबांस सा. न.

आधी सांगूनच टाकते. बाबांचे कॅन्सरचे शेक, म्हणजे रेडिएशन, पुरे होईपर्यंत राहायला मेडिकल चौकाजवळ खोली घेतली. रविवारी सातला गाडी येईल. कापूस भाऊकाका वेचून घेतील, त्यांच्याशी बोलले. तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही "पहिला वेचा होऊ दे" म्हणाले असते आणि मी गप्प बसले असते. आजीच्या वेळी बसले तशी.

खोली तळमजल्यावर आहे, संडास आतच. आईसाठी खिडकीत तुळस ठेवली. रोजचे एसटीचे धक्के संपले बाबा.

"गाठ तर काढली, दहा शेक झाले, दहा दिवसांनी काय बिघडते?" म्हणालात. बिघडते. जागलीला मी तुमच्याजवळ माळ्यावर झोपायची, आठवतं? डुकरं आली की तुम्ही हाकारा द्यायचे, मग धुऱ्यापलीकडून दुसरा, तिकडून तिसरा. ज्याच्या वावरात डुक्कर नाही तोही उठून बसायचा. पेशींचं तसंच आहे. शेक लागलेली पेशी शेजारणींना निरोप धाडते. कॉलेजात मी शिकवते ना, १९९२ साली नागासावा आणि लिटल या शास्त्रज्ञांनी हॅमस्टरच्या पेशींवर अल्फा कण, म्हणजे एका प्रकारचं रेडिएशन, सोडले. कण शिरले शंभरात एकीपेक्षाही कमी पेशींत, पण गुणसूत्रांत फेरफार तीस टक्के पेशींत दिसले. मरणाऱ्या पेशींच्या हाकेनं शरीराची राखण करणाऱ्या पेशी धावून येऊ शकतात. पण मरणाऱ्या पेशींचेच काही निरोप उरल्यासुरल्या कॅन्सरच्या पेशींना वाढायला उठवतात. भीती त्याची आहे. शनिवार-रविवारची सुट्टी डॉक्टरांनी हिशोबात धरलीय, तेवढ्यात चांगल्या पेशी सावरतात. दहा दिवस हिशोबात नाहीत.

तोंड अजून हुळहुळेल, चवही काही दिवस जाईल. आई, तिखट बंद. भाकर दुधात कुस्करून दे, वरण-भात मऊ कर. गालाला डॉक्टरांना विचारल्याशिवाय तेल-हळद लावायची नाही. तंबाखूच्या खर्ऱ्यावरून मी काही बोलत नाही बाबा, कोटातली पन्नी तेवढी आईजवळ द्या.

शेक देताना जाळीचा मुखवटा आवळतात तेव्हा तुमचा जीव घाबरतो, आईनं सांगितलं. तेव्हा मनात आकडे मोजा. विहिरीत मला पोहायला शिकवताना मोठ्यानं मोजायचे तसे. मी दाराबाहेरच असेन.

फाईल पिवळ्या पिशवीत भरून ठेवा.

तुमची
बबी