सांगलीतील त्या आजींचे आणि त्यांच्या शेजाऱ्यांचे आभार

ऑगस्ट 2019 च्या महापुरात आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी 45 फुटांची धोका पातळी ओलांडून 57 फुटांच्या वर गेली होती. ते पाणी गल्लीबोळांत नेमके कुठवर चढले, याच्या खुणा नोंदवण्यासाठी आम्ही गावभागात फिरत होतो. परंतु बहुतेक भिंती नव्याने रंगवल्या गेल्याने खुणा पुसल्या होत्या आणि काम अडले होते.

तेव्हा एका आजींनी आम्हाला घरात बोलावले. त्यांनी जिन्याखालची धान्याची पोती शेजाऱ्यांकरवी बाजूला करवली आणि रंग न लावता मुद्दाम राखलेली भिंतीची पट्टी दाखवली. तिच्यावर पेन्सिलीच्या रेघा होत्या व प्रत्येक रेघेपुढे वार आणि वेळ लिहिली होती. पाणी कोणत्या वेगाने चढले, हे अशा नोंदींवरून कळते. पुराचे गणिती प्रारूप पडताळण्यासाठी आणि निळी व लाल पूररेषा (नकाशावर पूरक्षेत्राची हद्द दाखवणाऱ्या रेषा) तपासण्यासाठी त्यांचे मोल फार मोठे आहे. शेजारच्या दादांनी मोजमाप संपेपर्यंत बॅटरी धरून ठेवली, आणि आजींनी चहा घेतल्याशिवाय आम्हाला उठू दिले नाही.

आजी, दादा, आपले मनःपूर्वक आभार. ती पट्टी कृपया यापुढेही तशीच राहू द्यावी.